पितळेच्या झाडाखालचं टेबल

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात बसून पितळेचं झाड घासत होतो. घासत ती होती. मी फांद्या फिरवून सोडवत होतो आणि एकेक तिच्या हातात देत होतो. घमेल्यात चिंचेचं पाणी, करवंटीत चुलीतली राख आणि तिच्या मुठीत नारळाची शेंडी. ती शेंडी दर साली तुळजापूरच्या नारळाचीच लागायची तिला, देवीपुढं फोडलेल्या. दुसरी चालायची नाही. झाडाला सहा फांद्या आणि फांदीगणिक एक वाटी. पाच वाट्या घासून तिनं उन्हात पालथ्या घातल्या. सहावी मी पुढं केली तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वाईच. छातीत भरल्यावानी व्हतंय. जरा पडते."

मी म्हणालो, "पड की. बापाचं झाड कुठं पळून चाललंय?"

"तुमचं तोंड म्हंजे ना," असं म्हणून ती उठली. शेंडी राखेत तशीच टाकली आणि आत जाऊन घोंगडीवर आडवी झाली. दुपारी चहाला हाक मारायला गेलो तर गेलेली होती. कण्हली नाही, हाक नाही, काही नाही. आयुष्यभर मोठ्यानं बोलणारी बाई, जाताना आवाजसुद्धा केला नाही.

मी चार बुकं शिकलेला माणूस. आमच्या लहानपणी निजामाचं राज्य होतं, शाळेत उर्दू होतं, आणि माझ्या हातात पाटीच्या आधी रंधा आला. लिहायची सवय नाही. पण ते झाड, ते करणारे माझे सासरे, आणि त्या दोघांपायी माझ्या पोटात जी आग पेटली ती लिहून ठेवावी असं वाटतं. बोलून दाखवायला आता समोर कुणी नाही.

झाड म्हणजे खरं झाड नव्हे. मोठ्या लोकांच्या घरात जेवणाच्या लांब टेबलावर मधोमध शोभेला ठेवायची वस्तू. माझ्या कमरेच्या वर येईल एवढी उंच. खाली चार हत्तींची तोंडं, त्यांच्या डोक्यावर तबक, तबकातून वर गेलेलं खोड, खोडाला वेढे घेत चढलेला वेल, मग फांद्या, फांद्यांच्या टोकाला बदाम-पिस्त्यांच्या वाट्या, आणि अगदी शेंड्याला फुलं ठेवायचं कमळ. दोन बाजूंना दोन मोर. सगळं पितळ, मधून मधून तांब्याची लाल पट्टी.

हे माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या तरुणपणी केलं. ते नळदुर्गचे तांबट. आम्ही सुतार. आमच्यात सुताराच्या घरी तांबटाची पोरगी येते, तशी ती आली. सासरे बुटके, मनगटं माझ्या पोटरीएवढी, आणि कान गेलेले. जन्मभर हंडे ठोकून तांबटाचे कान जातातच. बापाला ऐकू जावं म्हणून पोरगी लहानपणापासून ओरडून बोलायला शिकली, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. आमच्या गल्लीत तिनं "अहो" म्हटलं की चार घरचे नवरे वळून बघायचे. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, बाई भांडते आहे. मग कळलं, बाई मीठ मागते आहे.

झाडाची गोष्ट मी सासऱ्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल, सांगता येणार नाही. नळदुर्गच्या बाजूला एक जहागीरदार होता. त्याच्याकडं हैदराबादेहून कुणी गोरा साहेब जेवायला येणार होता. जहागीरदारानं विलायती दुकानाच्या बुकातलं एक चित्र काढून सासऱ्यांपुढं ठेवलं, आणि असंच पाहिजे म्हणून सांगितलं. सासरे सांगायचे, "चित्रात दोन बाया व्हत्या. पंखवाल्या. अंगावर चिंधी न्हाय. म्या म्हणलं, खाविंद, ह्या काय आपल्याच्यानं व्हायच्या न्हाईत, घरी आई हाय माझी. त्यांच्या जागी मोर घातले."

"आणि वेल?" मी विचारायचो. मला माहीत असायचं, तरी विचारायचो.

"वेल द्राक्षाचा व्हता म्हणं. म्या द्राक्ष कवा बघितलंय? पान कारल्यावानी दिसलं. म्हणून कारली केली."

तर त्या झाडावर कारली आहेत. बोटाच्या पेराएवढी, अंगावर खरखरीत फोड असलेली, देठाला वाळलेलं फूल चिकटलेली पितळेची कारली. पत्र्याच्या पोटात राळ आणि विटेची पूड वितळवून भरायची, ती गार होऊन घट्ट झाली की वरून बारीक छिन्न्यांनी नक्षी ठोकायची आणि मग तापवून राळ काढून टाकायची, असं ते काम. एकेका कारल्यावरचा एकेक फोड असा उठवलेला. सोपं नाही. मी कारागीर आहे, मला कळतं. कळतं म्हणूनच जळतं. ज्याला कामातलं कळत नाही त्याला दुसऱ्याचं काम बघून नुसतं बरं वाटतं.

एकदा मी म्हणालो, "मेजवानीच्या ताटामधी कारलं! पाव्हण्यानं लवकर उठून जावं म्हणून का, मामा?"

सासऱ्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी पोरीकडं बघितलं. ती चुलीपासून ओरडली, "अण्णा, हे म्हणत्यात झाड लई झ्याक हाय!"

सासरे माझ्याकडं बघत तिलाच म्हणाले, "त्यांना काय कळतंय पितळेतलं."

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि मग जहागिऱ्याही गेल्या. जहागीरदाराची माणसं हैदराबादेला निघून गेली आणि जाताना घरातलं सामान मिळेल त्याला देऊन गेली. एक दिवस सासरे मोड घेणाऱ्याकडं गेले. मोड म्हणजे वितळवायला काढलेली जुनी भांडी. तिथं फुटक्या घागरींच्या ढिगात त्यांना त्यांचा हत्ती दिसला. सोंड वर करून बसलेला. त्यांनी ढीग उपसून सगळं झाड बाहेर काढलं, घरी गेले, विकायला करून ठेवलेले नवे हंडे आणि घागरी गाडीत घालून आणल्या आणि झाडाच्या बदली देऊन टाकल्या. मग तीच गाडी घेऊन थेट आमच्या गावाला आले. आमचं गाव नळदुर्गहून उमरग्याला जाणाऱ्या रस्त्यावर. सासऱ्यांना मुलगा नव्हता. ही एकच पोरगी.

गाडीतून उतरून पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "हे हितं ऱ्हाईल. ह्याला मेज पायजे."

मी म्हणालो, "मामा, आमच्याकडं मेज कुठलं? आम्ही पाटावर जेवतो."

"तुमी सुतार का कोण?"

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं. मी सुतार. पण सुताराचं काम कुठं जातं? नांगर, तिफणी, गाडीची चाकं, दुसऱ्यांच्या दारांच्या चौकटी. चिखलात जातं, उन्हात जातं. माझ्या घरात माझ्या हातचं म्हणावं असं दोन पाट आणि लेकीचा पाळणा, एवढंच होतं. माळ्यावर शिसवीच्या फळ्या मात्र मी कैक वर्षं जपून ठेवल्या होत्या. घरासाठी काहीतरी करीन, बायको बघेल, असं मनात होतं. त्या मी काढल्या. सासऱ्यांच्या झाडासाठी. काढताना हात जड झाले होते, पण काढल्या.

टेबल मी जीव ओतून केलं. एक खिळा नाही. कुसू म्हणजे लाकडाला काढलेली जीभ, ती भोकात अशी बसवली की सांध्यात नख जाणार नाही. आणि पाय तीन केले. आमची जमीन शेणानं सारवलेली, उंचसखल. चार पायांची वस्तू अशा जमिनीवर डुगडुगते, एक पाय कायम अधांतरी राहतो. तीन पाय कुठंही ठेवा, तिन्ही टेकतात. हे मी कुणाकडून शिकलो नाही, चुलीखालच्या तीन दगडांकडं बघून मला सुचलं.

सासरे बघायला आले. टेबलाभोवती फिरले. वाकून खालून बघितलं. दोन्ही तळहात वर टेकवून सगळं वजन टाकून बघितलं. मी श्वास धरून उभा.

"तीन पाय?" ते म्हणाले. "लाकूड कमी पडलं काय, जावईबापू?"

मी ओरडून सांगितलं, का तीन, कसे तीन. ऐकू आलं की नाही देव जाणे. त्यांनी झाड उचलून टेबलावर ठेवलं, चार पावलं मागं सरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "उंची बराबर हाय."

बस. उंची.

मग चहा पिताना म्हणाले, "लाकडाला काय, वाळवी लागली की सपलं. हे बगा, हे तुमच्यामाझ्या मागं ऱ्हाणार."

मी बायकोकडं बघितलं. म्हटलं ही आता ओरडून काहीतरी सांगेल बापाला. ती बापाच्या कपात चहा ओतत होती. बापाला दुसऱ्यांदा ओतला, मला पहिल्यांदासुद्धा पुरता नाही.

आणि सासरे गाडी जुंपून परत गेले तसं तिनं पेटीतून एक पांढरं कापड काढलं, कडेला वेलबुट्टी भरलेलं, आणि झाड मला उचलून धरायला लावून ते कापड टेबलावर पसरलं. टेबल पार झाकून गेलं. पाय तेवढे दिसत राहिले.

"टेबलाला लुगडं नेसवतीस व्हय?" मी म्हणालो.

"मग काय उघडं ठिवू? पितळंला हिरवं चढतं. त्याचा डाग पडला तर लाकूड काळं व्हईल. मग बसताल तोंड घिऊन."

"माझ्या लाकडाची काळजी कवापासनं?"

"जावा तिकडं," ती म्हणाली.

माझा त्यावर विश्वास बसला नाही. मला वाटलं, पांढऱ्यावर पितळ उठून दिसतं म्हणून हे सगळं. अजूनही अर्धा वेळ मला तसंच वाटतं.

मग लोक यायला लागले. गल्लीतले, मग गावातले, मग बाजाराच्या दिवशी परगावचे. "झाड बघायला आलो," म्हणायचे. ती पदर खोचून सांगत बसायची. जहागीरदार, गोरा साहेब, पंखांच्या बाया, कारली. सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की मी रंधा खाली ठेवून बघत राहायचो. माझ्या कोणत्या कामाबद्दल ती असं बोलली होती? लेकीच्या पाळण्याबद्दल? "करकरतोय जरा," एवढं म्हणाली होती. करकरत होता, खरं आहे. पण तेवढंच म्हणाली.

दसऱ्याला ती वाट्यांत भुईमुगाच्या शेंगा, गूळ, आपट्याची पानं ठेवायची आणि वरच्या कमळात झेंडू. बायका यायच्या, हळदीकुंकू घ्यायच्या, झाडाला नमस्कार करून जायच्या. झाडाला! आणि परड्यात तिनं कारल्याचा वेल लावला. कारलं मला कधी आवडलं नाही. बापाची आठवण म्हणून आठवड्यातून एकदा तरी ताटात यायचं. मी खायचो.

गावात शाळेची नवी खोली बांधली तेव्हा तालुक्याचा मोठा साहेब येणार होता. गावकऱ्यांनी झाड मागितलं, आणि झाडाबरोबर अर्थातच टेबल. झाड गोधडीत गुंडाळून चौघांनी पालखीसारखं धरून नेलं. टेबल मी एकट्यानं डोक्यावर घेऊन त्यांच्या मागून गेलो.

साहेबानं झाड बघितलं आणि हारतुरे राहिले बाजूला. मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं, कारल्यावरून फिरवलं, हसला, आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

आमच्या गावात बाई माणूस चार पुरुषांत बोलत नसे. पण बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, असा की बांधावरची बैलं बिथरावीत, "माझ्या वडलांनी!"

साहेब वळून बघत राहिला. सगळं गाव हसलं. ती हसली नाही. मान ताठ करून उभी राहिली.

आणि मी काय बघत होतो? शाळेपुढची जमीन खडकाळ. साहेबाची खुर्ची चार पायांची. ती सारखी डुगडुगत होती, मास्तरनं दोनदा पायाखाली चपटा दगड सारला, तरी थांबेना. आणि माझं टेबल त्याच जमिनीवर, एवढं पितळ डोक्यावर घेऊन, जागचं हललं नव्हतं. हे कुणाला दिसलं का? मला दिसलं.

घरी येताना ती म्हणाली, "सायबानं कसं इचारलं, बगितलं का?"

मी म्हणालो, "खुर्ची डुगडुगत व्हती, ते बगितलंस का?"

"कुणाची खुर्ची?"

मी टेबल डोक्यावर नीट केलं आणि पुढं चालायला लागलो.

सासरे पुढं वारले. मी खांदा दिला, रडलोही. वाईट माणूस नव्हता. पण खोटं कशाला लिहू, घरी येताना मनात आलं की आता दोघंच राहिलो. आता बरोबरी करायला कुणी नाही. हा माझा गैरसमज होता. जिवंत माणूस चुकतो, म्हातारा होतो, ठोकताना हात कापतो, चहा सांडतो. मेलेल्या माणसाचं काहीच बिघडत नाही. तो दर साली जास्त चांगला होत जातो.

नळदुर्गहून येताना तिनं बापाची हातोडी आणली. भांड्यावर बारीक ठोके मारून मठारायची, तोंडाला आरशासारखी गुळगुळीत झालेली. त्या सालच्या खंडेनवमीला मी नेहमीसारखी माझी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. आमच्यासारख्यांचा हाच खरा सण. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा तो पूजेसाठी, कामासाठी नाही. करवत, रंधा, पटाशी, आणि सगळ्यांत आधी माझा वाकस. वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार. माझ्या बापाच्या हातून माझ्या हातात आलेला. कुंकू लावायची ती, कारण घरची लक्ष्मी ती.

ती आली, आणि तिनं हातोडी आणून वाकसाच्या डाव्या अंगाला ठेवली. रांगेत पहिली. करंड्यात बोट बुडवलं, हातोडीच्या लोखंडावर दाबून चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मग तेच बोट वाकसावर. परत करंड्यात बोट घातलं नाही. हातोडीवर उरलेलं जे होतं ते. वाकसाला नुसता पुसट लाल ओरखडा उठला. पुढं करवतीला लावताना मात्र बोट परत बुडवलं.

मी उदबत्ती लावली. सण होता. पण हातोडीचा दांडा बाभळीचा होता, आणि तो कुण्या तरी सुतारानंच केलेला असणार, हे माझ्या मनात आलं. कुंकू लोखंडाला. दांड्याला नाही.

दर साली तेच. हातोडीला भरून, वाकसाला उरलेलं. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर हसतील. बोटभर कुंकवाचं काय घेऊन बसलाय म्हणतील. पण वर्षभर माझ्या मनात काय असायचं ते मला ठाऊक. पाऊस पडायला लागला की वाटायचं, आता चार महिन्यांनी नवमी. या साली बघू.

एका साली मी तिच्या आधी उठलो. हातोडी मीच काढली, धुतली आणि रांगेत ठेवली, पण शेवटी. पटाशीच्याही पलीकडं. वाकस पहिला. आणि गुपचूप बाजूला बसलो.

ती आली. रांग बघितली. माझ्याकडं बघितलं. मग हातोडी उचलून जिथली तिथं ठेवली, पहिली.

"का?" मी विचारलं.

"का म्हंजे?"

"घर माझं. हत्यारं माझी. भाकरी ह्या वाकसावर मिळती. आन् पैला मान तुझ्या बापाच्या हातोडीला?"

"हळू बोला, शेजारी ऐकत्यात," ती म्हणाली. ती. मला.

"ऐकू दे."

मग ती पाटापुढं बसली आणि तिच्या मानानं पुष्कळच हळू बोलली. "त्यांच्या हातोडीला वरसातनं एकदा माझं बोट लागतं. दुसरं कोण हाय तिला? तुमच्या हत्यारांवरनं मी रोज हात फिरवते. भुसा झाडते, तेल पुसते, पावसात आत घेते. रोजचं असताना एक दिवस कशाला भांडताव?"

"रोजच्याला कोण इचारतं?"

"म्या इचारते की." आणि बोट करंड्यात बुडवून तिनं हातोडीला लावलं. मग वाकसाला. उरलेलं.

बोलणं बरोबर होतं का? असेल. माझं समाधान झालं नाही. रोजचा भुसा झाडणं वेगळं आणि चार माणसांत मान ताठ करून "माझ्या वडलांनी" म्हणणं वेगळं. मला ते दुसरं पाहिजे होतं. माझ्यासाठी एकदा तरी तिनं तसं ओरडावं, एवढंच माझं मागणं होतं. तिला ओरडायला काही कष्ट पडत नव्हते.

ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. लेक उमरग्याला दिलेली. तिला सांगावा एका ट्रकवाल्यासंगं धाडला, आणि ती सकाळच्या पहिल्या एसटीनं येईपर्यंत थांबायचं ठरलं. अंगणात पाच वाट्या उन्हानं लखलखत होत्या. बायका येताना त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "बापाचं झाड घासता घासता गेली. पुण्यवान बाई." एकीनं म्हटलं, दुसरीनं म्हटलं, मग प्रत्येकीनं म्हटलं. बापाचं झाड. मरतानासुद्धा त्यांच्याच नावावर. मी कोपऱ्यात बसलो होतो. मी फांद्या सोडवून देत होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि अशा वेळी ते सांगायचं तरी कसं.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, तिला आंघोळ घातली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या. कपाळभर मळवट भरायला बायकांनी कुंकवाचा करंडा काढला आणि ठेवायला जागा म्हणून टेबलावर ठेवला. झाड अंगणात सुटं पडलेलं, पांढरं कापड तिनं आदल्या दिवशीच धुऊन दोरीवर टाकलेलं. टेबल उघडं होतं. एवढ्या वर्षांत मी ते उघडं असं नीट बघितलं नव्हतं. शिसव जशीच्या तशी होती, रंध्याखालून आत्ताच निघाल्यासारखी. एक डाग नव्हता.

मी अंगणात गेलो. घमेल्यातलं चिंचेचं पाणी वरून सायीसारखं झालं होतं. सहावी वाटी काळीच होती. शेंडी राखेत जिथं टाकली तिथंच होती, तिच्या मुठीच्या आकाराची. बसलो आणि घासायला लागलो. मला घासता येत नव्हतं. मी लाकडाचा माणूस, रेघेच्या दिशेनं हात चालवायची सवय, आणि पितळ गोल घासावं लागतं. फांदीवरच्या कारल्याच्या फोडांत राख अडकून बसली. ती नखानं काढायची, मी बघितलं होतं. माझी नखं त्यात जाईनात. तरी घासली. तिच्या पाच वाट्यांच्या पासंगालाही ती आली नाही, पण पिवळी झाली.

मग पाट काढला, हातोडी काढली, वाकस काढला. म्हातारी चुलती दारात उभी होती. म्हणाली, "काय करतूस रं? सुतकात पूजा चालत न्हाय."

"पूजा न्हाय करत, काकू. मांडतोय नुसतं."

"अरं, घरात मयत हाय."

"ठाऊक हाय. माझ्याच घरात हाय."

ती दारातून बाजूला झाली. मी पाटावर शेंडी ठेवली, राख झटकून, पहिली. तिच्या शेजारी हातोडी. तिच्या शेजारी वाकस. आत जाऊन टेबलावरच्या करंड्यात बोट बुडवलं. बायका सरकल्या, कुणी अडवलं नाही. तिच्या कपाळाकडं एकदा बघितलं आणि बाहेर आलो.

शेंडीला आधी लावलं. काथ्यावर कुंकू बसत नाही, बोट जोरानं दाबावं लागलं. मग हातोडीला लावलं. वाकसापर्यंत येईतो बोटावरचं सरत आलं होतं. पुसट ओरखडा उठला, नेहमीएवढाच. रस्त्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. करंड्यात परत बोट घालायला मी आत गेलो नाही.